सायकलीवरचा ओरखडा

"...पण मुलं सायकलीवर बसतच नाहीत, त्याला मी काय करू, आक्का?"

लाड सर मठाच्या ओसरीवर बसले होते. गावच्या शाळेचे मुख्याध्यापक, आणि लहानपणापासून आक्कांचे शिष्य. शाळेच्या शिस्तीचा त्यांना फार अभिमान.

आक्का पूजेची फुलं निवडत राहिल्या.

"एसटी बंद झाली म्हणून मी दारोदार फिरून सायकली मिळवल्या. नव्याकोऱ्या. तरी पोरं उन्हातून चालत येतात! तुम्ही कीर्तनात दोन शब्द सांगा. तुमचं ऐकतील."

"कुठं हायत त्या सायकली?"

"शाळेत, कुलपात. खंडेनवमीला मी स्वतः पुसल्या, हार घातले. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून तसंच आहे."

"कुणीच न्हाई नेली?"



"सुगंधानं नेली होती. माळावरच्या वस्तीतली मुलगी. पहिल्याच दिवशी पडली, दांडीला हा एवढा ओरखडा. सगळ्या शाळेसमोर बोललो तिला. वस्तूची कदर नको?"

"मग आता कशी येती ती?"

"येत नाही." सरांचा आवाज खाली आला. "वस्ती लांब. घरच्यांनी स्थळं बघायला घेतलीत... पोर हुशार आहे हो, आक्का. जीव तुटतो माझा."

आक्का उठल्या. देव्हाऱ्यातल्या, त्यांच्या गुरूंच्या लाकडी पादुकांवरची फुलं त्यांनी बाजूला सारली आणि पादुका सरांच्या हातात दिल्या. सरांनी गडबडून त्या कपाळाला लावल्या.

"टाचंपाशी बोट फिरवा."

बोट खळग्यात उतरलं. लाकूड पार झिजलं होतं. पुढच्या कडेचा टवका उडाला होता.

"झिजल्यात..." सर पुटपुटले.

"मग टाकून देऊ?"

"आक्का!"

आक्कांनी पादुका जागेवर ठेवल्या, पुन्हा फुलं वाहिली.

सरांचे डोळे भरून आले होते. शेवटी त्यांनी खिशातली किल्ली काढली.

"आत्ताच तिच्या दारात जातो, सायकल घेऊन. पण... बोलू काय तिच्याशी?"

"काय बी बोलू नका. तिनं नेलेली तीच सायकल न्या," आक्का म्हणाल्या. "आन् तिच्या ओरखड्याशेजारी, तिच्या देखत, एक तुमचा काढा."