हलणाऱ्या टेबलाचा हिरा

युवराजांच्या साखरपुड्याची अंगठी अडली ती हिऱ्याच्या आकारावर. हिरा आला होता, चांगला सुपारीएवढा, अजून पैलू न पाडलेला. महाराज म्हणाले, चौकोनी घडवा, तटाच्या चिऱ्यासारखा. महाराजांच्या मातोश्री, आईसाहेब, म्हणाल्या की गोल हवा, शुभकार्यात कोपरे कशाला? राणीसाहेबांना तिकोनी हवा होता, देवळाच्या शिखरासारखा. तिघांचीही ताटं वेगवेगळ्या दालनांत जाऊ लागली. जिच्या बोटात अंगठी जायची होती, तिला अर्थातच कोणी विचारलं नव्हतं.

यात माझा संबंध काय? काहीच नाही. मी अनसूया, दादू सुताराची लेक, पुण्याहून बी.ए. होऊन आलेली, संस्थानातल्या मुलींच्या शाळेची बाई. बी.ए. असल्यामुळे मला प्रत्येक विषयावर मत होतं. बक्षीस समारंभात मी ठणकावून सांगितलं होतं की दागिना ही बेडी आहे आणि अंगठी ही सगळ्यांत लहान बेडी. त्यावर राजघराण्यातल्या बायकांनी इतक्या मनापासून टाळ्या वाजवल्या, की त्यांच्या बांगड्यांच्या आवाजात माझं शेवटचं वाक्य मलासुद्धा ऐकू आलं नाही.

ते भाषण महाराजांच्या बरोबर लक्षात होतं. त्यांनी मला बोलावलं.

"बाई, तुम्हाला हिऱ्याचा मोह नाही. म्हणजे निवाडा तुम्हीच करायचा. हिरा एकच. तो चौकोनीही हवा, गोलही हवा, तिकोनीही हवा. कोणाचाही शब्द खाली पडता कामा नये."

"आणि नाही जमलं तर?"

"साखरपुड्याला पाहुण्यांचे घोडे येतील. तुमच्या शाळेची जागा हवेशीर आहे."

मी मान ताठ ठेवून विचार करते म्हणाले. मुलींचं शिक्षण किती महत्त्वाचं यावर मी तासभर बोलू शकत होते, पण घोड्यांपुढे ते भाषण चालणार नव्हतं.

शाळेत येऊन मी फळ्यावर चौकोन, वर्तुळ आणि त्रिकोण काढले. एकात एक घातले, एकावर एक ठेवले. शेवटी जे तयार झालं ते पाहून मुलींनी विचारलं, "बाई, हा बैल आहे का?" मी चिडून टेबलावर हात आपटला. टेबल एका अंगाला कललं आणि दौत सांडली.

ते टेबल मी रुजू झाल्यापासून हलत होतं. वडिलांना सांगितलं असतं तर त्यांनी हसत हसत पाचर ठोकून दिली असती. पण स्वावलंबनावरही माझं एक भाषण झालेलं होतं. तेव्हा पाचर मीच करायची! लाकूड कुठलं? तर कपाटात पडलेला गोल रूळ. मुलींच्या हातावर मारायचा तो, मी आल्याआल्या बंद केलेला. मी त्याचा एक तुकडा कापला आणि दोन्ही बाजूंनी तिरका तासून वर धार काढली. बोट कापून घेतलं ते वेगळं.

सुताराच्या पोरीनं केलेली पाचर इतकी आखूड झाली, की जेवढी जाड तेवढीच लांब. टेबलाखाली घालायच्या कामाची नव्हती. मी ती धार वर करून टेबलावर उभी ठेवली आणि तिच्याकडे रागानं बघत राहिले. वरून बघितली तर गोल. दमून खुर्चीत बसले, डोळे तिच्या पातळीला आले, तर चौकोनी! कुठला पाय आखूड आहे ते बघायला टेबलाच्या बाजूला जाऊन वाकले, तर शिखरासारखी तिकोनी.

मी तशीच वाड्यावर धावले. पदराला शाई, बोटाला चिंधी.

दिवाणखान्यात महाराज समोर, राणीसाहेब उजवीकडे आणि आईसाहेब वरच्या सज्जात बसलेल्या. मी मधल्या चौरंगावर पाचर उभी केली आणि म्हणाले, हिरा असा घडवा.

"चौकोनी!" महाराज खूश झाले.

"तिकोनी तर आहे," राणीसाहेब म्हणाल्या.

"तुम्हा दोघांनाही चष्मा लागलाय," वरून आईसाहेबांचा आवाज आला. "चांगला गोल आहे की. मधे रेघ दिसते, पण हिरा म्हटला की पैलू आलेच."

महाराज उठले. चौरंगाभोवती एक फेरी मारली, मग दुसरी मारली. सज्जाच्या पायऱ्या चढून वरून बघून आले. येताना त्यांच्या कपाळावर आठी होती. आपण जिंकलो याचा आनंद त्यांना झाला होता, पण बाकीच्या दोघीही जिंकल्यात हे त्यांना पचत नव्हतं.

"बाई, ही लबाडी आहे. उद्या दरबारात लोक विचारतील, हिऱ्याचा खरा आकार कुठला? मी काय सांगू? आमचा, आईसाहेबांचा की राणीसाहेबांचा? एकच नाव घ्या. नाहीतर घोडे येतात."

आता कुठलंही नाव घेतलं तरी दोघं दुखावणार होते. माझ्याजवळची सगळी भाषणं संपली होती. उरलं होतं ते फक्त खरं.

"पाचर, महाराज."

"काय?"

"आकाराचं नाव पाचर. जे हलत असतं, त्याच्या खाली घालतात."

महाराजांनी वर आईसाहेबांकडे पाहिलं, बाजूला राणीसाहेबांकडे पाहिलं, आणि मग असे हसले की चौरंगावरची पाचर आडवी झाली. सज्जातून आईसाहेबही हसत होत्या. त्या दिवशी तिघांची ताटं एका पंगतीला मांडली गेली.

घोडे नदीकाठी बांधले. शाळा राहिली, आणि बक्षीस म्हणून महाराजांनी सागवानी टेबल पाठवलं, चारही पाय अगदी सारखे.

तेही हललं. दोष टेबलाचा नव्हता, जमिनीचा होता. आणि पाचर तर जवाहिऱ्यानं नमुना म्हणून ठेवून घेतली होती. शेवटी मी वडिलांना बोलावलं.