दोन भारी की चार साधे

"दोन भारी की चार साधे, तेवढं सांगा अक्का! रविवारी शर्यत आहे आणि दुकानदार संध्याकाळपर्यंतच थांबणार आहे."

इंदुअक्का पायरीवर बसून ओल्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कशाचं बोलतोयस?"

"शॉकप, अक्का! शॉकप!"

गाडीला बसणारे दणके पोटात घेणारे ते शॉकअ‍ॅब्सॉर्बर. कोल्हापुरातल्या गॅरेजांत त्यांना शॉकप म्हणतात. धैर्यशीलच्या गाडीचे चारही शॉकप पार बसले होते. गाडी लाल, दोन दारांची, त्याच्यापेक्षा वयानं मोठी स्पोर्ट्‌स कार. तिच्यावर त्याचा जीव होता. नाव धैर्यशील असलं तरी धीर या वस्तूशी त्याचा संबंध नावापुरताच होता.

अक्कांनी तरुणपणी घाटातल्या शर्यतींत भल्याभल्यांना धूळ चारली होती. आता सत्तरी उलटली, तरी गाडी शिकावी तर अक्कांकडं, असं पोरं म्हणायची. धैर्यशील त्यांच्याकडं दोन वर्षं शिकत होता. त्यातलं बरंचसं आपल्याला आधीपासून येत होतं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

"भारी म्हणजे परदेशी, अक्का. पिवळेधमक! नुसते बघून गाडी पळंल. पण माझ्या खिशात दोनच बसतात. ते पुढं लावतो, मागं जुनेच राहू देत. साधे घेतले तर चार येतात... पण साध्यांवर त्या सत्यजितला कसं गाठणार?"

सत्यजितचं नाव काढताना त्याचे कान लाल झाले. गेल्या वर्षीच्या शर्यतीत शेवटच्या वळणावर धैर्यशीलची गाडी गर्रकन फिरली होती आणि उलट तोंड करून उभी राहिली होती. सत्यजितनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय भावा, घरी निघालास व्हय?" लोक पोट धरधरून हसले होते. तेव्हापासून धैर्यशीलला धड झोप नव्हती. यंदा तो घाट जिंकायचाच, नाहीतर गाडी विकून टाकायची, असं त्यानं आईपुढं बोलून ठेवलं होतं.

"पुढंच का?" अक्कांनी विचारलं.

"मी पुढं बसतो ना! गाडीला काय हवं ते मला कळतंय. मागनं ती जरा शेपूट हलवते, पण तीच तर मजा आहे. ते माझ्या हातात आहे."

"तुझ्या हातात..."

अक्कांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग पदरातली टरफलं झटकून उठल्या.

"किल्ली दे. मी चालवतो. तू मागं बस."

कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, त्यामुळं 'चालवतो'चं त्याला काही वाटलं नाही. वाटलं ते पुढच्या वाक्याचं.

"मागं? अक्का, मागं माणूस बसत नाही. तिथं पिशवी ठेवतात."

"मग पिशवीसारखा बस."

तो घुसला. गुडघे हनुवटीला टेकले आणि डोकं छताला. इतक्या दिवसांत आपल्याच गाडीच्या या जागेवर तो कधी बसला नव्हता. बसायचं कारणच काय होतं?

अक्कांनी चष्मा नीट केला. पदर खोचला.

आणि गाडी सुटली.

घरामागच्या टेकडीवर एक वळणावळणाचा रस्ता चढतो. उसाच्या ट्रॉल्यांनी तो जागोजागी उखडून ठेवलाय. दुपारी तिथं चिटपाखरू नसतं. अक्का त्या रस्त्याला अशा भिडल्या, की धैर्यशील वेदना विसरून बघतच राहिला. काय तो गिअर! काय तो ब्रेक! वळण यायच्या आधीच ते त्यांना माहीत असायचं. ही आपली गाडी? ही एवढी पळते? त्याच्या अंगावर काटा आला.

"हाणा अक्का!" तो ओरडला. "लई भारी!"

"गप बस की!" अक्काही ओरडल्या, पण त्या हसत होत्या.

दुसऱ्या वळणावर खड्डा लागला.

धैर्यशीलच्या खालचं आसन एकदम नाहीसं झालं. कपाळ छतावर आपटलं. पाठोपाठ गाडीचं मागचं सगळं अंग बाहेरच्या बाजूला घसरलं आणि काचेत शेताचा बांध भर्रकन जवळ आला. अक्कांनी गाडी परत ओढून आणली.

"अक्का! मागचं चाक उचललं!"

"होय? इथं तर काही कळलं नाही."

"उड्या मारतंय ते! थांबतच नाही!"

"शेपूट हलवतीय रे..." अक्का म्हणाल्या आणि त्यांनी पाय आणखी दाबला.

तिसऱ्या वळणावर परत तेच. उडी, मग आणखी एक उडी, मग ते घसरणं. हे घसरणं धैर्यशीलच्या ओळखीचं होतं. गेल्या वर्षी शेवटच्या वळणावर हेच झालं होतं. तेव्हा त्यानं स्टिअरिंगला शिव्या घातल्या होत्या. टायरला घातल्या होत्या, रस्त्यावर वाळू टाकणाऱ्या कुणा अज्ञात माणसालाही घातल्या होत्या.

"अक्का, चाक जमिनीलाच लागत नाही! हातात काय असणार, डोंबल?"

अक्कांनी पुढचा गिअर टाकला.

टेकडीच्या माथ्यावर गाडी थांबली. धुरळा हळूहळू खाली बसला. अक्का उतरल्या. त्यांचा अंबाडा सुटला होता, गाल तापले होते आणि सोळा वर्षांच्या पोरीसारख्या त्या खुदुखुदु हसत होत्या. मागनं धैर्यशील सरपटत बाहेर आला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. तोही हसायला लागला. त्याला राहवेना. वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं होतं.

"चार! चार साधे, अक्का! पुढं दोन भारी लावले असते तर मागचं आणखी उडालं असतं! आणि मी म्हणे हातात! दोन वर्षं त्या फुटक्या शॉकपना माझं कसब समजत होतो मी!"

त्यानं तिथनंच दुकानदाराला फोन लावला. "पिवळे राहू द्या, मालक! साधे चार बांधून ठेवा. होय, चार! आलोच!"

फोन खिशात टाकून त्यानं हवेत मूठ उडवली. खाली सगळं शिवार उन्हात लखलखत होतं आणि त्याला रविवार आत्ताच हवा होता.

"आता बघा अक्का. सगळ्या गावादेखत त्या सत्यजितची जिरवतो की नाही बघा!"

अक्कांचं हसू ओसरलं नाही. गाडीला वळसा घालून त्या मागच्या चाकापाशी गेल्या. दोन्ही तळवे वरच्या पत्र्यावर ठेवून त्यांनी गाडी खाली दाबली आणि सोडली.

गाडी वर आली, खाली गेली. पुन्हा वर, पुन्हा खाली. कुरकुरत ती बराच वेळ डुलत राहिली.

धैर्यशीलची मूठ अजून वरच होती.

अक्कांनी त्या तापलेल्या पत्र्यावरनं हात फिरवला.

"शॉकप जन्मभर दणके जिरवत असतो रे धैर्या... कुणाची जिरवली म्हणून ऐकलंस कधी?"