सरकारांची लाल मोटर भाड्यानं जाते

"मोटर भाड्यानं द्यायची, पण मोटरीच्या आत कुणी बसायचं नाही!"

सोनगिरीच्या राजेसाहेबांचा हा हुकूम ऐकला आणि हैबती ड्रायव्हरच्या हातातलं फडकं गळून पडलं.

झालं होतं असं. राजेसाहेबांनी विलायतेहून एक लालभडक शर्यतीची मोटर आणवली होती. पुढं दोघांपुरती मऊ चामड्याची गादी, मागं दुमडून ठेवलेलं कापडी छत, म्हणजे टप. पळायची वाऱ्यासारखी आणि पेट्रोल प्यायची म्हशीनं पाणी प्यावं तसं! शेवटी एक दिवस राणीसरकार कडाडल्या, "हत्तीसुद्धा आपला चारा आपल्या पाठीवर घालून आणतो. आपली ही लाल घोडी काय आणते? धूळ! एक तर तिनं आपलं पेट्रोल आपण मिळवावं, नाही तर तिला विकून टाका."

राणीसरकारांचा शब्द मोडायची राजेसाहेबांची छाती नव्हती. पण त्या गादीवर परका माणूस? स्वतः बसतानासुद्धा ते जोडे हातात घेत! मग त्यांनी हैबतीला बोलावून अटी सांगितल्या.

"ड्रायव्हरखेरीज आत कुणी बसायचं नाही. माल भरायचा नाही, ती काय खटारा आहे? जत्रेतल्या अस्वलासारखी उभी करून दाखवायचीही नाही. आणि तरी दसऱ्याच्या आत भाडं आलंच पाहिजे! नाही आलं तर मोटर विकू. मग मोटरच नाही, तर ड्रायव्हर कशाला ठेवायचा?"

"पातेलं भाड्यानं द्यायचं, पण शिजवू द्यायचं नाही," दिवाणजी पुटपुटले. तेही अगदी हळू.

हैबती घरी आला तो सामान कसं बांधायचं याचाच विचार करत. त्याची बायको राही नव्यानंच नांदायला आली होती. ती इतकं कमी बोले, की शेजारणींना वाटे, पोरगी मुकी आहे. मुकी कसली? ती ऐकत असे! सगळी कहाणी ऐकून तिनं एवढंच विचारलं, "सरकार 'आत' म्हणाले?"

"आत म्हणाले."

"नक्की?"

"अगं, मिशीवर हात ठेवून म्हणाले!"

"मग गुळवे शेटजींना होकार कळवा."

गुळाचे व्यापारी गुळवे आपल्या लेकाच्या वरातीसाठी कधीपासून मोटर मागत होते. हैबतीनं कपाळावर हात मारला. "खूळ लागलं का तुला? नवरदेव काय मोटरीच्या मागनं पळत येणार?"

"अवो, नवरदेव मोटरीत दडून बसला, तर त्याचा फेटा कुणाला दिसायचा? तुम्ही हो म्हणा. भाडं पेट्रोलच्या डब्यांत घ्या. आणि त्यांना म्हणावं, एक पाट घेऊन या."

दिवस मावळायला वरात निघाली. सनई, ताशे, फुलांच्या माळा! लाल मोटर पेठेतून मुंगीच्या पावलानं चालली आणि गाव नुसतं बघत राहिलं. सकाळी राजवाड्याचं बोलावणं आलं. हैबतीच्या मागं मागं, डोईवर पदर घेऊन राहीही गेली.

राजेसाहेब अंगणात मोटरीतच बसले होते. गादी कुठं दबलीय का, ते हातानं चाचपत होते. राणीसरकार पायऱ्यांवर उभ्या होत्या.

"हैबती! आमच्या मोटरीत गुळव्यांचा नवरदेव बसला होता! अख्ख्या पेठेनं पाहिला!"

हैबतीनं मान खाली घातली. पदराआडून आवाज आला, "आत कुणीच न्हाई बसलं, सरकार. वर बसला."

"वर?"

"व्हय जी. आपला हुकूमच तसा. आत कुणी बसायचं न्हाई, म्हणून वर बसला. मागच्या दुमडलेल्या टपावर."

बाजूला उभ्या दिवाणजींना आधी कळलं. त्यांनी उपरण्यात तोंड खुपसलं. राजेसाहेबांना कळायला अंमळ वेळ लागला.

"आम्हाला शब्दात पकडतेस? बरं, वर वर बसला! पण त्याचे पाय? ते तर आत होते!"

"व्हते की. पण पाय कधी बसत्यात का, सरकार? माणूस बसला तरी पाय आपले उभेच! गादीवर पाट ठेवला व्हता, त्याच्यावर उभे व्हते. गादीला धक्का न्हाई."

राणीसरकारांना हसू आवरेना. राजेसाहेबांनी मात्र मिशीला पीळ भरला. हरणं त्यांना ठाऊक नव्हतं.

"ठीक! मग आता हे सांग. नवरी कुठं बसली? त्याच्या शेजारी टपावर असली, तरी ती काही 'वर' नव्हे!"

हैबतीनं डोळेच मिटून घेतले. संपलं! याचा विचार कुणीच केला नव्हता. राहीनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा राणीसरकारांकडं.

"सरकार, वरात लगीन लागल्यावर निघती. मंगळसूत्र पडलं, की बायकू येगळी न्हाई, नवऱ्याचं अर्धं अंग! अंग वर बसल्यावर अर्धं अंग येगळं कसं मोजायचं? आता सरकारांना ती येगळी वाटत असंल, तर..."

"तर काय?"

"तर राणीसरकारांसमोर तसं सांगा. मी आपली चूक कबूल करते!"

राणीसरकारांची भुवई वर चढली. "सांगा ना. आम्ही ऐकतोय. आम्ही वेगळ्या, की अर्धं अंग?"

राजेसाहेबांनी राणीसरकारांच्या भुवईकडं पाहिलं. आणि मग असे हसले, असे हसले, की स्टीअरिंगवर हात आपटून भोंगा वाजला आणि हत्तीखान्यातून हत्तीनं ओ दिली!

"हरलो! हैबती, आजपासून संस्थानातल्या सगळ्या वराती तुझ्या! आणि पोरी, तू काय हवं ते माग!"

राहीनं नुसता पदर पुढं ओढला.

"ती नाही मागायची," राणीसरकार म्हणाल्या. "आपण उतरा."

"आम्ही?"

"नाही तर तिला बसायला जागा कुठली? हैबती तिला मोटरीतून घरी सोडेल. ऐटीत, आत बसवून!"

राजेसाहेबांनी गादीवरून एकदा हात फिरवला, उसासा टाकला आणि खाली उतरून स्वतःच्या हातानं दार उघडून धरलं. राही पदर सावरून बसली. मोटर फुरफुरली.

"हळू ने रे, हैबती!" राजेसाहेब मागून ओरडले. "आणि पेठेतून ने. वळसा पडला तरी चालेल!"