झाडून काढलेली देवराई

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तेव्हा पुष्कळशा डोंगरांना अजून नावंही पडलेली नव्हती. अशाच एका बिननावाच्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या पाठीशी एक देवराई होती. देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथं कुऱ्हाड चालवायची नाही, तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, असा गावाचा नेम होता.

पण नुसत्या नेमावर रान टिकत नाही, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक रीत घालून दिली होती. दर वर्षी भात कापून झाला, की ज्यांना आठवं वरीस लागलंय अशी सगळी मुलं एक दिवस राईत जायची. सोबत फक्त राईचा राखण्या. ती परत आली की सारा गाव पारावर जमायचा आणि एकेक मूल उठून आपण बघितलेलं नवल सांगायचं. बाहेर काही आणायचं नाही, पानसुद्धा नाही. डोळ्यांत मावेल तेवढंच आणायचं. आणि नवल असं हवं, की जे आजवर पारावर कुणी सांगितलेलं नाही.

कुणी सांगे, धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फटीतून फळं भरवतो. कुणी सांगे, एक किडा पाय न भिजवता पाण्यावरून चालतो. म्हातारी माणसं माना हलवत ऐकायची. ऐकून ऐकून राई साऱ्या गावाच्या ओळखीची झाली होती, आणि ओळखीच्या झाडावर कुऱ्हाड उचलायला हात धजत नाही.

रीतीला एक शेवटची अटही होती. ज्या वर्षी एकाही मुलाला नवल सापडणार नाही, त्या वर्षी तीन दिवस वाट बघायची. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत कुणी काही सांगितलं नाही, तर राईत राखण्यासारखं काही उरलेलं नाही असं समजायचं आणि राई कुऱ्हाडीला मोकळी करायची. या अटीची वेळ मात्र कधी आली नव्हती.

त्या गावात येसू नावाची एक तरुण आई होती. सुंद्री ही तिची एकुलती एक लेक. सुंद्रीला नुसती शिंक आली, तरी येसू चुलीवरची भाकरी करपू देऊन आधी तिच्या कपाळाला हात लावायची. पोर विहिरीच्या बाजूला वळली की येसू हातातलं काम टाकून धावायची. आणि त्या वर्षी सुंद्रीला आठवं लागलं.

"आई, राईत साप असतात?" सुंद्रीनं विचारलं.

"असतात."

"केवढे?"

"विचारू नको."

"मग मी बघूनच येते."

 दुसऱ्या दिवशी सकाळीच येसू केरसुणी घेऊन शेजारणीच्या दारात उभी राहिली.

"राई झाडायची?" शेजारीण म्हणाली. "बाई, अंगण आहे का ते?"

"लेकरं जिथं चालणार ते अंगणच की. आणि नेम काय आहे? तोडायचं नाही, बाहेर न्यायचं नाही. झाडायचं नाही, असं कुठं म्हटलंय?"

शेजारणीनं आपली केरसुणी काढली. तिच्या हरबालाही त्याच वर्षी आठवं लागलं होतं. हळूहळू दहा आया जमल्या. राखण्या बाळोबा लेकीच्या गावी गेला होता, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं. चार दिवस त्या राबल्या. पाचोळा झाडून कडेच्या दगडांपाशी ढीग घातले. बिळांत दगड ठोकले. वारुळं फोडून सपाट केली. पोकळ ओंडके गडगडत ओढ्याकडे लोटून दिले. काटेरी जाळ्या बाजूला ओढून मधून बैलगाडी जाईल एवढी वाट केली. शेवटी एकीनं हौसेनं शेणाचा सडासुद्धा घातला.

बाळोबा परत आला तेव्हा सगळं उरकलं होतं.  ठरल्या दिवशी तो मुलांना घेऊन आत गेला.

एरवी मुलं दिवस मावळताना परतायची. त्या वर्षी दुपारीच परत आली.

पारावर सारा गाव बसला. पहिला हरबा उठला. "मी वाट बघितली," तो म्हणाला. "सरळ आहे."

"आणखी?"

"परतताना पण सरळच होती."

दुसरी मुलगी म्हणाली, "झाडं होती." तिसरा म्हणाला, "ती मीपण बघितली." शेवटी सुंद्री उठली. "मी केरसुणीचे फराटे बघितले," ती म्हणाली. "एकाला एक लागून. अगदी आमच्या अंगणातल्यासारखे."

लोक हसले. मग एकेकाच्या लक्षात येत गेलं, तसं हसू थांबलं.

गावचा पाटील उठला. माणूस वाईट नव्हता, पण हिशेबाचा पक्का होता. "चावडीचे खांब कुजलेत," तो म्हणाला. "राईतली ऐनाची झाडं सरळसोट वाढलीत. रीत मी केलेली नाही, पण मी मोडणारही नाही. आज पहिला दिवस धरा."

 येसू उठली आणि पदर सावरून म्हणाली, "केरसुणी माझी होती. पोरांचा दोष नाही."

"दोष कुणाचा हे पार विचारत नसतो," बाळोबा म्हणाला. "काय बघितलं, एवढंच विचारतो. उद्या तू चल मुलांबरोबर."

"मी? मला भीती वाटते, बाबा."

"म्हणून तर म्हणतोय. भिणारं माणूस बारीक बघतं."

दुसऱ्या दिवशी येसू गेली. मुलांनी राई पालथी घातली. झाडाखाली बघितलं तर झाडलेली माती. बिळापाशी बघितलं तर ठोकलेला दगड. पक्षीसुद्धा खाली उतरत नव्हते, कारण टिपायला खाली काही नव्हतंच. जिथं जावं तिथं येसूला आपलाच हात दिसत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुंद्री वाटेतच थांबली. "आई, तुम्ही पाचोळा कुठं टाकला?"

"कडेच्या दगडांपाशी. ढीग घातलेत."

"मग राई तिथं असेल."

ढीग कमरेएवढे होते. मुलं एकेक पान काडीनं उलटत बसली. वर कोरडं, आत ओलं, आणखी आत ऊब. मातकट वास येत होता. आणि एका मोठ्या पानाखालून, तळहाताएवढी, काळीकुळकुळीत विंचवीण बाहेर आली.

येसूनं दगड कधी उचलला, तिचं तिलाच कळलं नाही.

"हात मागं, डोळे पुढं," बाळोबा हळूच म्हणाला. "सगळ्यांनी दोन पावलं मागं बसा."

येसूचा हात वरच राहिला. विंचविणीची नांगीही वरच होती. आणि तिच्या पाठीवर तांदूळ चिकटवावेत तशी पिल्लं होती. काही पांढरी, काही काळपट. दाटीवाटीनं बसलेली.

"ही पोरं आता तिला खाणार," हरबा कुजबुजला. "पाठ फोडून खातात आणि मगच मोठी होतात. माझा आजा सांगतो."

हे तर साऱ्या गावाला माहीत होतं. हट्ट करणाऱ्या पोराला आया हेच म्हणायच्या, "खा मला, विंचवाच्या पोरा." येसूनंही सुंद्रीला कितीदा म्हटलं होतं.

"मग खाताना बघू," सुंद्री म्हणाली आणि मांडी घालून बसली.

सगळे बसले. येसूनं दगड खाली ठेवला, पण हाताशीच ठेवला. ऊन एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलं. एक पिल्लू घसरून खाली पडलं. विंचवीण थांबली. पिल्लू तिच्या पायाला धरून पुन्हा वर चढेपर्यंत जागची हलली नाही. मग दोन पावलं चालली. आणखी एक पडलं. पुन्हा थांबली.

येसू पुढं सरकली. किती सरकली ते तिच्या ध्यानातही आलं नाही. बाळोबानं तिचा पदर धरून तिला मागं ओढलं.

"आई," सुंद्री म्हणाली, "तिच्या पाठीवर सालं आहेत बघ. फाटलेली."

"तिचीच पाठ सोललीय गं," येसू कळवळून म्हणाली.

"नाही. नीट बघ. त्या पांढऱ्या पिल्लाकडे बघ."

पांढरं पिल्लू थरथरत होतं. त्याचं अंग मधोमध उकललं आणि त्यातून दुसरं, जरा काळपट पिल्लू हळूहळू बाहेर आलं. फाटलेली कात आईच्या पाठीवर तशीच राहिली. उन्हं कलली तेव्हा आधीचं एक काळपट पिल्लू खाली उतरलं, पानाच्या कडेनं फिरलं आणि एकटंच चालू लागलं. या वेळी विंचवीण थांबली नाही. पाठ तिची धडधाकट होती.

येसूचे डोळे भरून आले. तिनं हाताजवळचा दगड लांब सारला.

सूर्य दोन हात वर असताना ते पारावर पोहोचले. सुंद्रीनं बघितलेलं सगळं सांगितलं.

"विंचू म्हणजे काय नवल?" पाटील म्हणाला. "माझ्या गोठ्यात चार आहेत."

"त्यांच्या पोरांनी आईला खाल्लं का, पाटीलबाबा?"

"खाल्लंच असणार."

"तुम्ही बघितलं?"

 हरबाचा आजा काठी टेकत उठला. "मी बघितली होती पोरी, फाटलेली पाठ."

"ती पाठ नव्हती, आजा. पिल्लांची कात होती. त्यांनी टाकलेली."

म्हातारा पुन्हा खाली बसला. "आम्ही दगड मारून बघायचो," तो हळूच म्हणाला. "थांबून कधी बघितलं नाही."

पाटील उठून राईच्या वाटेला लागला. मागून सारा गाव. ढिगापाशी तो गुडघे टेकून बसला, मग पालथा झाला, हनुवटी मातीला लागेपर्यंत वाकला. त्याच्या पागोट्यावर पानं चिकटली. सूर्य डोंगराला टेकला, तेव्हा तो कपडे झटकत उठला.

"पाठ शाबूत आहे," तो म्हणाला. "साठ वर्षं मी उलटंच सांगत आलो. हे नवल धरा. चावडीला बांबूचे खांब चालतील."

दुसऱ्या दिवसापासून त्याच दहा आया टोपल्या घेऊन राईत गेल्या आणि पाचोळा होता तिथं पसरू लागल्या. बिळांतले दगड काढले, ओंडके ओढून आणले. विंचविणीच्या ढिगाला मात्र शेवटचं पिल्लू जाईपर्यंत कुणी हात लावला नाही. मोडलेलं सगळं त्यांना जुळवता आलं नाही. वारुळं पुन्हा उभी राहायला तीन पावसाळे जावे लागले, आणि तोवर तिथून जाताना येसू मान खाली घालायची.

त्या वर्षापासून मुलांच्या मागून त्यांच्या आयाही राईत जाऊ लागल्या. येसूची काळजी काही सुटली नाही. गवत जरा हललं की ती अजूनही आधी मुलांना मागं ओढायची. पण आता ती मुलांच्या बरोबरीनं वाकायची आणि विचारायची, "काय आहे गं तिथं? सरक, मला बघू दे." आणि त्या मुलांची मुलं मोठी झाली, तरी राईत कुऱ्हाड शिरली नाही.

तात्पर्य : भीतीपोटी मुलांसाठी रान साफ करू नये, त्यांचा हात धरून रानात जावं, कारण जे ती स्वतः थांबून बघतील, तेच ती उद्या राखतील.