कोठाराखालचा रस्ता

एका राज्यात धान्याची कोठारं होती तीन आणि गावांकडे जाणारे रस्तेही तीन. राजा अमरसेनाला एकच धास्ती, कोठाराचा तळ दिसला की राज्य बुडालं! कोठारं कधी ओसरू नयेत, असा वर त्यानं एका मांत्रिकाकडे मागितला. मांत्रिक हसला. "तथास्तु! पण महाराज, धान्य चढेल तसा त्याखाली रस्ता गुंडाळला जाईल."

राजानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बघता बघता कोठारं आढ्याला टेकली आणि रस्ते चटईसारखे गुंडाळले गेले, वरच्या गाड्यांसकट! उरलेल्या गाड्या कुठून न्याव्यात, कुणाला सुचेना. कोठारं तुडुंब आणि गावं उपाशी. काय म्हणावं या कर्माला!

भिवरा नावाच्या एका तरुणीचा नवरा सटवा धान्याची गाडी घेऊन तिसऱ्या रस्त्यावर गेला होता. लग्नाला महिनाही झाला नव्हता. ती रोज कोठाराच्या भिंतीला कान लावी. आत, धान्याखाली, चाकं करकरत आणि सटव्याच्या बैलांचे घुंगरू वाजत. अंगावर काटा येई, तरी ती जात राहिली. केस पांढरे झाले तरी जात राहिली.

एके सकाळी आढ्यावरची साळुंकी बोलली, "भिवरे, पहिलं कोठार भुकेल्यांना वाटावं. दुसरं पेरणीला द्यावं. तिसरं राजानं आपल्या हातांनी उपसावं. मग रस्ते सुटतील."

भिवरा तडक दरबारात गेली आणि धान्याखाली करकरणाऱ्या चाकांची गोष्ट व साळुंकीचे बोल सांगितले.

"मलाही झोपेत चाकं ऐकू येतात," राजा पुटपुटला. "उघडा कोठारं."

पहिलं रिकामं झालं, तसा पूर्वेचा रस्ता दारातून सळसळत बाहेर पडला. दुसरं झालं, उत्तरेचा निघाला. तिसऱ्याच्या तळाशी मूठभर जोंधळे उरले आणि राजाचा हात थिजला. खालून कुणीतरी हाका मारत होतं.

"एवढे राहू देत, भिवरे. मला भीती वाटते."

"मलाही वाटते, महाराज. उचला."

राजानं मूठ उचलली. तळ दिसला. राज्य काही बुडालं नाही! राजानं तिथल्या तिथं हुकूम सोडला, यापुढे कोठार भरलं की पहिली गाडी सर्वांत लांबच्या गावाला जाईल.

रस्ता उलगडत गेला आणि सटवा गाडीसकट वर आला. गेला होता तसाच, काळ्याभोर मिशांचा. भिवरेला पाहून त्यानं विचारलं, "आजी, करवंदवाडीचा रस्ता हाच ना?"

तोंडाला पदर लावून ती रडली. मग म्हणाली, "हाच. आधी धान्य पोचव, गाव उपाशी आहे. मग घरी ये. तुझी बायको वाट बघतेय."