कातण, रवी, उलथणे

एका राज्यात चुली पेटत नसत. विकटनाद नावाच्या मांत्रिकाने तिथल्या राजाला एक थाळी दिली होती. इच्छा करावी, थाळीत अन्न यावे. मोबदल्यात त्याने घरोघरची अवजारे नेली. माणसे जेवून तृप्त झाली आणि हात विसरभोळे झाले. मग एके दिवशी आभाळ काळे पडले ते पडलेच. डोंगरावरून मांत्रिकाची दवंडी आली : "गुहेत तीन अवजारे आहेत. ज्याचे काम त्याला जो देईल, त्याने सूर्य घेऊन जावा. चुकेल तो दगड होईल."

मांत्रिकाची साळुंकी अवजाराचे नाव सांगे, काम सांगत नसे. प्रधान गेला. साळुंकी म्हणाली, "कातण." त्याने दातेरी चाकावर सूत कातायला घेतले; दगड झाला. राजज्योतिषी गेला. "रवी," ती म्हणाली. त्याने त्या लाकडी कळीला अर्घ्य दिले, दगड झाला. शेवटी युवराज जयध्वज गेला. "उलथणे" हा शब्द कानी पडताच त्याने मांत्रिकाचे सिंहासन उलथायला घेतले. तोही दगड होऊन आडवा पडला.

त्याची बायको हेमांगी नवी नवरी होती, चुली पेटणाऱ्या देशातून आलेली. दोघांचे अजून धड बोलणेही झाले नव्हते. ती उंबरठा ओलांडू लागली तशी सासू म्हणाली, "सूनबाई, कुठे?"

"स्वारींना आणायला."

"भले भले दगड झाले. तुम्ही काय करणार?"

"आधी नीट बघेन, आत्याबाई. तेवढं कोणी केलेलं दिसत नाही."

गुहेत मांत्रिक हसला. "पुरुष संपले वाटतं?"

"पडून आहेत," हेमांगी म्हणाली.

"कातण," साळुंकी म्हणाली. माहेरी करंज्यांच्या कडा कापतात तेच. फक्त चाक तिच्या खांद्याला लागत होते. गुहेचे मागचे दार क्षितिजावर उघडे. जिथे आभाळ जमिनीला चिकटले होते, त्या कडेवरून तिने चाक फिरवले. काठाला नागमोडी नक्षी उमटली आणि जास्तीचा अंधार पट्टीसारखा गळून पडला.

"रवी." खाली काळे तळे होते. तिने रवी तळ्यात सोडली, दोरी गुंडाळली आणि घुसळू लागली. पाणी फेसाळले, मग जडावले. आणि लोण्याच्या गोळ्यासारखा सूर्य वर आला, हळूच सुटला, आभाळात जाऊन बसला. गुहेची फरशी तव्यासारखी तापली. कोणी न विचारता साळुंकी म्हणाली, "अगं बाई!"

मांत्रिक मात्र स्वस्थ होता.

"उलथणे."

हेमांगी थबकली. माहेरी या नावाचे काही नव्हते.

"बोला, सूनबाई! काय उलथता? डोंगर? की माझं सिंहासन? तुमच्या स्वारींना तेच सुचलं होतं."

तिने नाव बाजूला ठेवले आणि वस्तू पाहिली. पाते रुंद, कडेला पातळ. दांडा लांब, हात आचेपासून दूर राहावा इतका. तिला हसू आले.

"हा तर कालथा!"

"कालथा? म्हणजे काय?" मांत्रिक उठून उभा राहिला. जे नाव त्याला ठाऊक नव्हते, त्यावर त्याचा मंत्र चालत नव्हता.

हेमांगी जयध्वजाजवळ गेली. तो पालथा पडला होता. खालची बाजू फरशीने शेकून निघाली होती, वरची अजून थंडगार दगड होती. तिने पाते अलगद खाली सरकवले, मनगटाला एक हिसडा दिला, आणि युवराज उताणा झाला.

तो खोकला. मग तिने प्रधानाला परतले, ज्योतिष्याला परतले. पाहता पाहता मांत्रिकाचा धूर झाला आणि डोळ्यांना जरासा झोंबून विरून गेला. राजवाड्यात थाळी तडकली. गावोगाव बायकापुरुष फुंकणी शोधू लागले.

जयध्वज उठून बसला. त्याने उजेडाकडे पाहिले, मग तिच्याकडे. "आम्हांला काय झालं होतं?"

"विशेष काही नाही," हेमांगी पदर सावरत म्हणाली. "स्वारी एका बाजूने कच्ची राहिली होती."

जशी त्यांची बाजू वेळेवर पलटली, तशी तुमचीआमची पलटो.