गणपाचा क्लोज-अप

एका गावात गणपा नावाचा एक लग्नाचे व्हिडिओ काढणारा राहत होता. त्याला क्लोज-अपचं भारी वेड. चेहरा दिसला की कॅमेरा घेऊन हा थेट नाकाशी! एका लग्नात तर वरात सोडून त्याने नवरदेवाचं नाकच दाखवत ठेवलं. नवरदेवाच्या आत्याने विचारलं, "हे नाक आमच्याच घरातलं ना रे?"

गणपाची मुलगी सुलक्षणा कुस्ती खेळायची. मागच्या जत्रेत शेजारगावच्या वैजयंताने तिला चितपट केलं होतं. यंदा जिंकून चांदीची गदा घरी आणायचीच, या जिद्दीने तिने वर्षभर घाम गाळला.

जत्रेच्या दिवशी सुलक्षणाच्या वस्तादांनी सांगितलं, "गणपा, कॅमेरा घेऊन मचाणावर चढ. तिथनं कुस्तीचा अख्खा हौद दिसतो."

"लांबनं माझी पोर मुंगीएवढी दिसंल हो!" म्हणत गणपा हौदाच्या कडेलाच बसला.

हलगी कडाडली. पोरी भिडल्या, झोंबल्या आणि एकदम मातीत कोसळल्या. लाल माती उडाली ती नेमकी पंचांच्या डोळ्यांत! त्यांना काहीच दिसलं नाही. दोन्ही गावं ओरडू लागली, "आमचीच जिंकली!"

"व्हिडिओ बघू," पंच डोळे चोळत म्हणाले.

सगळे कॅमेऱ्याभोवती गोळा झाले. पडद्यावर सुलक्षणाचा चेहरा. मिटलेले डोळे, आवळलेले दात, भुवयांवर माती. बाकी काही नाही. पोरगी वर आहे की खाली? पाठ कुणाची टेकली? कुणालाच उमगेना. एकाने कॅमेरा उलटा धरला. शेजारगावचे ओरडले, "बघा, खाली हाय!" दुसऱ्याने सुलटा केला. गाव ओरडलं, "बघा, वर हाय!" पंचांनी डोक्याला हात लावला.

शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. गदा कुणालाच न देता वर्षभरासाठी देवळात ठेवली. वैजयंता मान खाली घालून उभी होती. आपली पाठ टेकली होती, हे तिला पक्कं माहीत होतं. पण ती बोलली नाही.

गणपा चाचरत लेकीला म्हणाला, "सुले, तुझा चेहरा काय झकास आलाय गं!"

सुलक्षणाचे डोळे भरून आले.

"आबा, माझा चेहरा तुम्ही घरी रोज बघताय की. आज तिची पाठ दाखवायची होती."

तात्पर्य: मायेपोटी माणूस जवळ जातो, पण खरं काय घडलं ते कळायला कधी कधी चार पावलं मागं सरावं लागतं.